मधोमध कच्ची राहिलेली पोळी: घरच्या सँडरचं एक प्रकरण

पहिले आठ पोळपाट परत आले ते एका रविवारी सकाळी, आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पोळी आली. बचत गटाच्या ताईंनी ती उलगडून दारातल्या उजेडाकडं धरली. कडेनं पातळ, नीट भाजलेली. मधोमध बशीएवढा पांढरट, जाड, कच्चा गोल. "मी काय म्हणतो दादा," ताई म्हणाल्या, "लाटणारी बाई बदलून बघितली, पीठ बदललं, तवा बदलला. मधलं काय भाजंना. मग आमच्या जुन्या पोळपाटावर लाटली, तर झ्याक आली." मग त्यांनी पिशवीतून सरळ लाटणं काढलं, माझ्या पोळपाटावर आडवं टेकवलं आणि मला वाकून बघायला लावलं. लाटण्याखाली, बरोबर मध्ये, उजेडाची बारीक फट होती.

ताई गेल्यावर त्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापकाची, पाती घालून बघितली. ०.७ मिलिमीटर भरली. आठही पोळपाटांत थोड्याफार फरकानं तेच. हात लावला तर आरशासारखे गुळगुळीत, आणि मध्ये खोलगट. पोळीची जाडी असते दीड-दोन मिलिमीटर, त्यात हे पाऊण. कच्ची राहणार नाही तर काय होणार?

घरी लाकूडकामाची आवड असलेले दोन-चार जण दर महिन्याला मला विचारतात, स्टेशनरी सँडर, म्हणजे बाकावर पक्कं बसवलेलं लाकूड घासायचं मशीन, घेऊ का? त्यांना मी हीच गोष्ट सांगतो. दरवेळी तोंडी सांगण्यात काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

मशीन आणि ऑर्डर

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. घर फुलेवाडीत, घरामागं दहा बाय आठची पत्र्याची खोली. तिथं एक बाक, शिकंजे, रंधे, पटाश्या, जिगसॉ आणि हाताचा छोटा सँडर एवढाच संसार होता. मागच्या उन्हाळ्यात त्यात पट्टा आणि डिस्क अशी जोड असलेला सँडर आणला. पंधरा हजारांच्या आतबाहेर पडला. पॉलिश पेपरचा फिरता पट्टा ४ इंच रुंद आणि ३६ इंच घेराचा, शेजारी तोच पेपर लावलेली ६ इंची फिरती डिस्क, डिस्कपुढं वाकवता येणारं छोटं टेबल. मोटर ३७५ वॅट. प्लेटवर लिहिलेलं: डिस्क १४५० फेरे, पट्टा मिनिटाला २७६ मीटर.

हाताच्या सँडरमध्ये लाकूड एका जागी असतं आणि मशीन फिरतं. इथं मशीन बाकाला बोल्टनं आवळलेलं, लाकूड हातात. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो. मलाही तो क्षुल्लकच वाटला होता.

ऑर्डर होती चोवीस पोळपाटांची, दहा इंची, सागवानी, तीन पायांचे. बचत गट पोळी-भाजी केंद्र चालवतो, आणि नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या गर्दीमुळं त्यांच्या पोळ्यांचा आकडा वाढतो, म्हणून घटस्थापनेच्या आत माल हवा होता. पॉलिश नको, अशी अट होती. पॉलिशवर पीठ सरकतं आणि काही दिवसांनी पॉलिशचे पापुद्रे पोळीत येतात. ताईंचं बरोबरच होतं. नगाला ४२५ रुपये ठरले.

लाकूड घेतलं एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटींचं. जुना साग पुरता वाळलेला असतो, पावसाळ्यात फारसा वाकत नाही, आणि नव्यापेक्षा स्वस्त पडतो. साडेतीन इंची पट्ट्या काढल्या, तीन-तीन जोडून गोंदानं चिकटवल्या, कर्कटकानं गोल आखले, जिगसॉनं कापले. आणि मग, इथंच चूक झाली, पोळपाटाची तोंडं पट्ट्यावर घासून सपाट करायला घेतली. गोंदाच्या वाळलेल्या रेघा, जोडाची खालीवर झालेली कड, जिगसॉचे ओरखडे, सगळं पाच मिनिटांत गायब. खाली सोनेरी साग वर येताना बघून माणूस खुळा होतो. मी आठ पोळपाट एका रविवारात संपवले आणि बायकोला बोलावून दाखवले.

साचा आणि ओतीव

आमच्या गल्लीत एक काका राहतात. चाळीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: लोखंड ओतायचं म्हणजे आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात वितळलेलं लोखंड. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशाचा उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हा उतार द्यायला पॅटर्न शॉपमध्ये परातीएवढ्या डिस्कचे सँडर असतात. काकांचं निम्मं आयुष्य अशा डिस्कपुढं गेलंय.

त्यांनी पोळपाट हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि पोळपाटाकडं न बघता मशीनकडं गेले. पट्टा काढायला लावला. पट्ट्याच्या पाठीमागं एक पत्रा असतो, ज्याच्या आधारावर पट्टा घासतो. त्यावर त्यांनी माझी स्टीलची पट्टी आडवी धरली. पट्टी मध्ये टेकून दोन्हीकडं हलत होती.

"बघ की. पत्रा फुगलाय मधी. किती हाय?"

मोजलं. टोकांना पाती घालून ०.७ च्या आसपास.

"मग? साचा हा, आन् तुझा पोळपाट त्यातलं ओतीव. जसाच्या तसा उमटलाय."

मी त्या रात्री वहीत आकृती काढून बसलो, कारण एक गोष्ट मला पटत नव्हती. फुगवटा इतका बारीक, आणि मी तर पोळपाट सारखा फिरवत होतो. सगळीकडं सारखंच घासलं जायला हवं होतं. आकृतीत कळलं ते असं. पट्टा १०० मिलिमीटर रुंद, पोळपाट २५० चा. पोळपाट पट्ट्यावर गोल फिरवला तर मधला १०० मिलिमीटरचा गोल क्षणभरही पट्ट्यावरून हलत नाही. कडेवरचा कुठलाही बिंदू मात्र एका फेरीत जेमतेम चौथा हिस्सा पट्ट्यावर असतो, बाकी वेळ हवेत. म्हणजे मी जितकं इमानानं फिरवत होतो तितका मधला भाग जास्त खाल्ला जात होता. वर तळहाताचा दाब, तोही मध्येच. आता पत्रा सपाट असता तर थोडं खोल गेल्यावर दोन्ही कडा पत्र्यावर टेकल्या असत्या, मधला भाग उचलला गेला असता आणि खोदकाम आपोआप थांबलं असतं. पत्रा फुगीर असल्यामुळं ते थांबलं नाही. पोळपाट पत्र्याच्या फुगवट्यावर घट्ट बसेपर्यंत खोल होत गेला.

हातानं काम करताना चूक हाताची असते आणि ती दर नगात वेगळी असते. इथं आठही नगांत एकच चूक, एकाच मापाची. मशीनचं अंग जसं, तसं लाकूड.

पत्र्याचा उपाय सोपा निघाला. हे कोल्हापूर आहे. यंत्रकामाच्या कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन सहा मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट कापून घेतली, सरफेस ग्राइंडरवर दोन्ही बाजू सपाट मारून घेतल्या, भोकं पाडून घेतली. सगळे मिळून पाचशे रुपये आणि एक चहा. ग्राइंडरवाल्यानं विचारलं, कशाला पाहिजे? पोळपाटाला म्हटल्यावर त्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं. प्लेटवर ग्रॅफाइटचं कापड चिकटवलं, म्हणजे पट्टा घसरत जातो आणि कमी तापतो.

"आता प्लेट सरळ झाली, तर तोंडं पट्ट्यावर करू का?" मी काकांना विचारलं.

"नगं. चार इंचाच्या पट्ट्यावर धा इंचाचं तोंड कोण करतंय? तोंडाला रंधा. ही डिस्क रेघेला यायला हाय, रेघेला."

रेघेला म्हणजे आखलेल्या रेघेपर्यंत कड घासत आणायला. त्यांचा क्रम असा: आधी फळीची दोन्ही तोंडं रंधून एका जाडीची करायची, गोल नंतर कापायचा. मी उलटं केलं होतं, आणि त्यामुळं सुटका अवघड झाली होती. चौकोनी फळी टिंबर मार्केटमधल्या रंधा मशीनमधून दोन मिनिटांत निघते. दहा इंची गोल तुकडा त्यात कुणी घालत नाही; आखूड आणि कडेला आधार नसलेलं लाकूड रुळांखाली फिरतं नाहीतर उडतं. उरलेल्या सोळा नगांच्या फळ्या तशाच रंधून आणल्या, २२ मिलिमीटरला. आठ गोल मात्र माझ्या गळ्यात.

ते आठ काकांच्या युक्तीनं सुटले. ओट्याचं काम चाललेल्या एका घरातून पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा दोन फुटी तुकडा आणला, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर रोलमधून कापून चिकटवला. पोळपाटाच्या तोंडावर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघा मारायच्या, पालथा घालायचा आणि दोन्ही हातांनी घासायचा. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या शाबूत. हळूहळू मधलं पेन्सिलीचं बेट लहान होत जातं. बेट बुडालं की तोंड सपाट. एका नगाला चाळीस मिनिटं, आणि प्रत्येक पोळपाट दीड-दोन मिलिमीटरनं पातळ. पंधरा हजारांचं मशीन भिंतीकडं तोंड करून उभं, आणि मी दगडावर लाकूड घासतोय. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

कडा: इथं मशीननं पैसे फेडले

गोलाची कड मात्र मशीनचीच. हाताच्या कानशीनं जिगसॉची वाकडीतिकडी कड गोल करायला मला नगाला पंचवीस मिनिटं लागत होती, तरी थोडा बटाटा राहायचाच. डिस्कवर पाच मिनिटं.

त्यासाठी एक जुगाड करावा लागतो. बारा मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा टेबलावर घट्ट बसवला, टेबल फारच लहान असतं म्हणून. त्यात एक खाच पाडून सरकणारी पट्टी ठेवली. पट्टीच्या टोकाला डोकं उडवलेला खिळा उभा. पोळपाटाच्या खालच्या बाजूला, बरोबर मध्ये, खिळ्याच्या मापाचं अर्धवट भोक. पोळपाट खिळ्यावर बसवायचा, पट्टी डिस्ककडं सरकवत न्यायची, कड डिस्कला लागली की पोळपाट सावकाश फिरवायचा. खिळ्यापासून डिस्क बरोबर १२५ मिलिमीटरवर आली की पट्टी पुढं जाऊ नये म्हणून मागं ठोकळा. चोवीसच्या चोवीस नग एका मापाचे निघतात. भोक खाली राहतं, पाय लावल्यावर कुणाला दिसत नाही.

पहिला नग काढला आणि काकांना दाखवला. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि हसायला लागले. "ड्राफ्ट दिलायस व्हय?" टेबलाच्या स्केलवर शून्य दिसत होतं, पण खरं टेबल एक अंश झुकलेलं होतं. बावीस मिलिमीटर जाडीत तो फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पोळपाटाला चालला असता, डब्याच्या कोपऱ्याला नसता चालला. तेव्हापासून मी स्केलकडं बघतच नाही. डिस्कवर गुण्या टेकवायचा, उजेडाकडं बघायचं, मग काम.

दुसरा नग जळला. कडेवर काळसर पट्टे, खोलीत करपलेल्या सागाचा कडू वास. कारण हिशेबात होतं, मी तो हिशेब केला नव्हता. दीडशे मिलिमीटरच्या डिस्कची कड १४५० फेऱ्यांना मिनिटाला जवळजवळ ६८० मीटर धावते, पट्ट्याच्या अडीचपट. मध्याच्या जवळ तोच वेग शून्याकडं जातो. मी पोळपाट डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला लावत होतो, जास्त कापेल म्हणून. कापण्याऐवजी ती तापत होती. जुगाड थोडा आत सरकवला, मध्यापासून ४५ मिलिमीटरवर. तिथला वेग चारशेच्या घरात येतो. शिवाय १२० नंबर काढून ८० चढवला. बारीक पेपर सागाच्या तेलानं लगेच भरतो आणि भरलेला पेपर घासत नाही, नुसता तापतो.

डिस्कची कुठली बाजू वापरायची याबद्दल एक वाक्य, कारण इथं बोटं जातात. जी बाजू खाली जाते तीच. माझ्या मशीनची डावी. तिथं डिस्क लाकडाला टेबलावर दाबते. उजवीकडं ती वर उचलून तुमच्या तोंडावर फेकते. टेबल आणि डिस्क यांच्यातली फट दोन मिलिमीटरच्या आत हवी, हातमोजे नकोत.

पेपर भरला की तो टाकायचा नाही. जुन्या चपलेचा क्रेपचा, पिवळट चिकट रबराचा तळ मशीन चालू ठेवून पेपरवर टेकवायचा. रबर सागाची भुकटी ओढून घेतं, पेपर पुन्हा दिसायला लागतो. दुकानात यासाठी वेगळी कांडी मिळते. चपलांच्या गावात ती विकत घेणं मला जिवावर आलं.

आणखी एक बारकावा हातालाच कळतो. ज्या बाजूंना रेषांची टोकं येतात तिथं लाकूड जास्त चिवट, डिस्क कमी कापते. ठोकळ्याला पट्टी टेकल्यावर लगेच थांबलं तर पोळपाट केसभर लांबुळका राहतो. पट्टी तशीच ठेवून न दाबता आणखी दोन-तीन फेरे द्यायचे. आवाज कमी कमी होत जातो, आणि डिस्क नुसती फुंकर घातल्यासारखी वाजायला लागली की गोल झाला. ग्राइंडिंगवाले हेच करतात, काका म्हणाले.

धूर

बारा-तेरा नग झाले असतील. सँडरला मी व्हॅक्यूम क्लीनर जोडला होता, १४०० वॅटचा, डिस्कच्या खालच्या तोंडाला पाइप. (आधी दोन्ही एकाच सहा अँपिअरच्या सॉकेटवर होते. दोघांचे मिळून १७७५ वॅट, म्हणजे पावणेआठ अँपिअर. सॉकेट काळं पडल्यावर सोळाचा पॉवर प्लग घेतला. हे आधी कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती.) एका पोळपाटाच्या कडेत, चौकटीच्या काळातला, आत मोडून राहिलेला खिळा होता. डिस्कला लागताच चर्रर्र झालं आणि तीन-चार ठिणग्या खाली गेल्या. मी मशीन थांबवलं, खिळा बघितला, पटाशीनं कोरून काढला, आणि पुढच्या नगाला लागलो. आठ वाजता खोली बंद करून जेवायला गेलो.

साडेनऊला मुलगी म्हणाली, कुणीतरी ओलं सरपण पेटवलंय. वास आमच्याच खोलीतून येत होता. दार उघडलं तर व्हॅक्यूमच्या झाकणाच्या फटीतून दोऱ्यासारखा धूर. आत सागाची बारीक भुकटी अर्ध्यावर भरलेली. ठिणगी पाइपातून आत गेली होती आणि दीड तास धुमसत बसली होती. ज्वाळा नाही, आवाज नाही. वायर आधीच काढलेली होती, म्हणून तसाच उचलून अंगणात नेला आणि लांबून पाण्याची बादली ओतली. झाकण उघडलं असतं तर हवा लागून भडकला असता, हे काकांनी नंतर सांगितलं. त्यांच्या कारखान्यात पॅटर्न शॉपच्या सँडरवर लोखंडाचा तुकडा घासताना कुणी दिसला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवत.

बाकाच्या मागच्या कप्प्यात टर्पेंटाइनची बाटली होती, तिच्याशेजारी गोंदाचे डबे, वर पत्र्याला टांगलेलं गोणपाट. जेवून झाल्यावर झोपलो असतो तर, हा विचार मी फार पुढं नेत नाही.

आता जुन्या लाकडावर स्पीकरमधून काढलेला मोठा लोहचुंबक दोरीला बांधून फिरवतो. खिळा असला की दोरी तिरकी होते. खोलवरचा खिळा चुंबकाला कळत नाही, म्हणून ठिणगी दिसली की त्या दिवसाचं काम तिथंच थांबतं आणि भुसा पत्र्याच्या डब्यात, डबा अंगणात. पटाशी किंवा विळी या मशीनवर लावायची असेल तर व्हॅक्यूम काढून, आधी सगळा भुसा झटकून. खरं तर मी लावतच नाही.

धुळीचं दुसरं अंग आगीहून संथ आहे. व्हॅक्यूम लावूनही बरीच भुकटी हवेत राहते. देव्हाऱ्यातल्या फोटोंवर, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर ती जाऊन बसली आणि शेजारच्या वहिनी बोलल्या, तेव्हा मला ती दिसली. न दिसणारी जास्त वाईट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. नाक आणि त्यामागच्या पोकळ्यांचा कर्करोग. सागाच्या धुळीनं अंगाला खाजही सुटते, माझ्या मनगटांना सुटली. कोविडच्या वेळचे एन९५ मास्क कपाटात पडून होते, ते संपेपर्यंत वापरले, मग नवे आणले. मशीन दारापाशी आणलं, पंखा उलटा लावला, आणि वहिनींच्या चादरी वाळत असतील तर काम बंद. मशीन बंद झाल्यावर लगेच मास्क काढू नका. सगळ्यात बारीक धूळ तेव्हाही हवेतच असते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. ऑगस्टमध्ये दोन कोरे पट्टे चढवल्यावर दहा मिनिटांत फटदिशी तुटले, दोन्ही जोडावर. दुकानदाराशी भांडून आलो. चूक अर्धी माझी होती. पट्ट्याचा जोड चिकटपट्टीनं केलेला असतो, आणि मी पट्टे चपटे दुमडून, भिंतीला ओल आलेल्या खोलीत खिळ्याला अडकवले होते. आता चार इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर, घरातल्या कपाटात असतात. साड्यांच्या खाली. त्यावरही वाटाघाटी झाल्या.

हिशेब

धंदा आकड्यांचा असल्यामुळं वही ठेवली होती. लाकूड ३,६००. टिंबर मार्केटमधलं रंधकाम ६००. पट्टे आणि डिस्क १,४५०. उद्यमनगरातली प्लेट ५००. गोंद, स्क्रू, किरकोळ ३५०. एकूण ६,५००. आले १०,२००. उरले ३,७००, आणि तास लागले ५८. तासाला चौसष्ट रुपये, त्यात मशीनची किंमत आणि वीज धरलेली नाही.

मशीननं नेमकं काय वाचवलं तेही काढलं. चोवीस कडा कानशीनं केल्या असत्या तर दहा तास, डिस्कवर दोन. म्हणजे आठ तास वाचले. त्यातले साडेपाच मी ग्रॅनाइटवर परत दिले. पट्टा, ज्याच्यासाठी मी खरं तर हे मशीन घेतलं होतं, या ऑर्डरीत शेवटी फक्त चोवीस पोळपाटांच्या वरच्या धारा मोडायला आणि बहात्तर पायांचे तळ सारखे करायला लागला. पायांना मात्र तो फार उपयोगी. तीन इंची ठोकळा चार इंची पट्ट्यावर पुरता मावतो.

म्हणून "घेऊ का" असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, काय घासायचंय? खेळणी, छोटे ठोकळे, गोल कडा, चौकटींचे कोपरे, एकाच मापाचे वीस नग असतील तर खुशाल घ्या, आणि डिस्क मोठी बघा. टेबलटॉप, पाट, देव्हाऱ्याच्या फळ्या सपाट करायच्या असतील तर तेच पैसे एका चांगल्या रंध्यात आणि हाताच्या सँडरमध्ये घाला. काहींना हे उत्तर आवडत नाही, कारण मशीन त्यांनी आधीच बुक केलेलं असतं.

शेवटचा टप्पा सँडरविनाच झाला. सगळे पोळपाट ओल्या फडक्यानं पुसले, रात्रभर सावलीत उभे ठेवले. सकाळी अंगावर बारीक तंतू उभे राहिलेले, मांजराच्या जिभेसारखे. १८० नंबरच्या पेपरनं हातानं, रेषेच्या दिशेनं, ते उतरवले. पुन्हा एकदा ओलं, पुन्हा एकदा पेपर. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यानंतर पोळीला लाकडाची कुसं लागतात.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी ताई टेंपो घेऊन आल्या. पिशवीतून तेच लाटणं काढलं आणि एकेक पोळपाट दारात नेऊन त्यावर आडवं टेकवलं, वाकून बघितलं, बाजूला ठेवला. चोवीस वेळा. मी कडेला उभा राहून परीक्षेच्या निकालासारखा बघत होतो. तेविसाव्याला त्या थोड्या थांबल्या, लाटणं फिरवून परत टेकवलं, मग तोही टेंपोत गेला.

पैसे मोजून देताना म्हणाल्या, "आता चाळीस लाटणी पण तुम्हीच करून द्या की. मशीन हायच नव्हं?"

मी त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं, लांबीवर बोट फिरवलं आणि काकांकडं बघितलं. काका मान हलवत होते.

"त्याला लेथ लागतो, ताई," मी म्हणालो.

"मग घ्या की लेथ," ताई म्हणाल्या, आणि टेंपोत बसल्या.